ब्लाऊजच्या चिंध्यांची वाकळ: कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

घरी ब्लाऊज शिवते, अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांच्या चिंध्या तीन उशीच्या खोळींत कोंबून माळ्यावर टाकलेल्या. काल एक खोळ फाटून खाली आली ती थेट सासूबाईंच्या ताटाजवळ. त्यामुळे आज जाहीर केलं, घट बसायच्या आत यातनं एक वाकळ, म्हणजे गोधडी, होणार. ३ ऑक्टोबरला घटस्थापना, म्हणजे दोन महिने आहेत. आमच्या इचलकरंजीकडं घटाच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुऊन निघतात, तेव्हा ही पण त्यातच धुऊन निघेल असा हिशोब.

सगळं वजन केलं, बॅगा मोजायच्या हुकाच्या काट्यावर. ४ किलो ३०० ग्रॅम.

या नोंदी लिहितेय कारण मी व्हिडिओ बघूनच सुरू करणार आहे आणि व्हिडिओत कुणीच सांगत नाही की किती वेळ गेला आणि काय बिघडलं.

८ ऑगस्ट

दोन संध्याकाळी नुसतं निवडण्यात गेल्या. सुती (टू बाय टू, खादी, साडीतलेच ब्लाऊज पीस) २ किलो १००, टेरिकॉट मिक्स ९००, अस्तराचे तुकडे ६००, आणि सॅटिन-ब्रोकेड-नेट वगैरे चकचकीत ७००.

हाताला कळत नाही तिथं काडी लावून बघितलं. एक धागा ओढायचा, चिमट्यात धरून पेटवायचा. सुती कागदासारखं जळतं, वास पण कागदाचा, मागं राख राहते आणि बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा टणक मणी होतो. हे करून बघाच, कारण मी सुती समजून ठेवलेले निदान वीस तुकडे पॉलिस्टर निघाले, आणि त्यातला एक मी आधीच इस्त्रीखाली घातलेला. इस्त्रीचा तळ खरवडण्यात अर्धा तास.

वाकळीत फक्त सुती घ्यायचं ठरवलं. चकचकीत कापड दिसायला भारी पण अंगाला गार लागतं, सुई सटकते आणि कडेनं धागे सुटत राहतात.

१० ऑगस्ट

रंग जातो का बघणं. गडद तुकडे एकेक करून गरम पाण्यात दहा मिनिटं, मग पांढऱ्या रुमालात पिळायचे. काळा ठीक. निळे बहुतेक ठीक. मरून आणि जांभळ्यानं रुमाल रंगवला. सासूबाई म्हणाल्या मिठात ठेव, म्हणून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले, सकाळी परत पिळले तर परत तेच. मिठानं काही झालं नाही, निदान माझ्या तुकड्यांचं तरी नाही. सगळे मरून बाजूला काढले.

एक सोडून. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा मरून तुकडा आहे, आईच्या चोळीचा, तो मला वाकळीत पाहिजेच आहे. तो तीन वेळा धुतला, तिसऱ्यांदा पाणी फिकट गुलाबी आलं. एवढं चालेल म्हटलं. (पुढं बघा काय झालं ते.)

सुती सगळं धुऊन घेतलं म्हणजे आटायचं ते आत्ताच आटेल. पाऊस असल्यानं वाळायला तीन दिवस लागले, घरभर दोऱ्या, ह्यांचं डोकं दर वेळी ओल्या चिंधीत.

१५ ऑगस्ट

व्हिडिओप्रमाणं चौकोन कापायला घेतले. ५ इंची चौकोन, चारी बाजूंनी अर्धा इंच शिलाईत जाणार, म्हणजे ४ इंची दिसणार. ५२ बाय ८० ची वाकळ धरली तर १३ गुणिले २०, २६० चौकोन. साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा कापून माप केलं आणि त्यावर आखत गेले.

दोन गोष्टी चुकल्या. एक, मी विसरलेच की ब्लाऊजच्या चिंध्या म्हणजे काय असतं. मुंढ्याच्या (काखेकडच्या गोलाईच्या) चंद्रकोरी, गळ्याचे अर्धे गोल, बाहीच्या बाजूच्या लांबट पाचरी. त्यातनं ५ इंची चौकोन निघतोय कुठं! दोन किलोतनं कसेबसे ११८ निघाले आणि तेवढ्याच नव्या बारक्या चिंध्या तयार झाल्या. चिंध्या संपवायला बसले आणि चिंध्या वाढवून उठले.

दुसरी चूक पुठ्ठा. शंभरेक वेळा आखून त्याची कड झिजली, शेवटचे चौकोन पहिल्यांपेक्षा दीड-दोन सूत (इंचाचे आठ सूत) लहान. ते मला आज कळलं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

आज कळलं. पायमशीनवर १३ चौकोनांची एक ओळ जोडली, मग दुसरी, दुसरी पहिलीपेक्षा दीड इंच आखूड. ओढून जुळवायला गेले तर कोपरे एकमेकांना भेटेनात. उसवलं, परत जोडलं, परत उसवलं. मापच पाहिजे असेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मचं करा, ती झिजत नाही आणि आरपार दिसतं म्हणून डिझाईन पण नीट धरता येतं. मला ही अक्कल नऊ तास घालवल्यावर आली.

संध्याकाळी शेजारच्या आक्का आल्या. सत्तरी पार केलेल्या, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, आयुष्यात किती वाकळा शिवल्या ते त्यांनाच आठवत नाही. माझ्या ओळींकडं बघून म्हणाल्या, "हे काय गं, फरशी बसवालीयास काय?"

म्हटलं, आक्का चौकोन जमत नाहीत.

"मग कशाला कापलास? चिंधी हाय तशी लाव की. वाकडी बाजू खाली घाल, सरळ बाजू वर घे. झालं."

एवढंच बोलल्या आणि साखर घेऊन गेल्या, त्यासाठीच आल्या होत्या. पण त्या एका वाक्यावर अख्खी वाकळ झाली असं म्हटलं तरी चालेल. चंद्रकोरीची आतली वाकडी कड दुसऱ्या तुकड्याच्या पोटाखाली जाते, वर दिसते ती दुमडलेली सरळ कड. कापायचंच नाही! जेवढे चौकोन जोडून झाले होते, ते ठेवून दिले, त्यांची पिशवी करेन.

२१ ऑगस्ट

खालचे थर. दोन जुन्या सुती साड्या, एक आईची फिकट हिरवी आणि एक सासूबाईंची राखाडी. साडीचं गणित सोपं आहे, लिहून ठेवते. साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच. मधोमध फाडली की १०८ चे दोन भाग. ते लांबीकडून एकमेकांना जोडले आणि मग आडवं दुमडलं की ५४ इंच रुंद आणि दोन पदरी कापड तयार होतं. दुसऱ्या साडीचं तेच, म्हणजे एकूण चार थर. वरून चिंध्यांचा पाचवा.

काठ आधी फाडून काढा. मी पहिल्या साडीला काठासकट जोडलं आणि मधोमध काठावर काठ आल्यानं असा दोरखंड झाला की त्यातनं सुई जाईना. परत उसवलं. काठ काढल्यावर साडी ४० इंचाची उरली, दोन मिळून ८०. उसवलेले काठ गुंडाळून ठेवलेत, कडेच्या गोटाला, म्हणजे कडेवर मारायच्या पट्टीला, येतील.

साडी उजेडाकडं धरून बघायची. जिथं विरलीय तिथं आतल्या थरात घालायची, मागच्या बाजूला नाही. सासूबाईंची साडी बसायच्या जागी जाळी झालेली, ती आत गेली. त्या म्हणाल्या, "माझी आत का?" मी त्यांना साडी उजेडात धरून दाखवली, मग गप्प बसल्या.

२५ ऑगस्ट, रविवार

हॉलमधलं सामान हलवून फरशीवर थर अंथरले. चार कोपऱ्यांवर वरवंटा, इस्त्री, साखरेचा डबा आणि ह्यांचा डंबेल. कच्चा दोरा (शेवटी काढून टाकायची तात्पुरती शिलाई) घातला, विताविताच्या अंतरावर उभा आणि आडवा. दोन तास. उलटून बघितलं तर खालच्या थराला ही मोठी चुणी, आणि माझ्या गाऊनचं टोक वाकळीला शिवलेलं.

चुणी का आली ते सांगते. मी चारही थर एकदम टाकून वरून हात फिरवला. हात फिरतो तो वरच्या थरावर, खालचा बिचारा तसाच राहतो. एकेक थर टाकायचा, दोघांनी दोन टोकं धरून ताणायचा, मग पुढचा. ओला फडका फरशीवर फिरवला की खालचा थर फरशीला धरून राहतो, ही युक्ती माझ्या मुलीची. परत सगळं केलं. कच्चे दोरे पांढरे न घालता लाल घाला, शेवटी काढताना दिसतात.

२८ ऑगस्ट

खरी शिलाई सुरू.

व्हिडिओवाली मधनं सुरू करून बाहेर जाते. तिचं बरोबर आहे, कारण तिचं वरचं कापड आधीच जोडून अखंड झालेलं असतं, फुगवटा बाहेर ढकलत न्यायचा असतो. आपल्या वाकळीत वरचं कापड नसतंच, चिंधी लावत लावत जायचं, त्यामुळे कडेनं सुरू करायचं आणि गोल गोल आत यायचं. पहिला तुकडा कोपऱ्यात, त्याची बाहेरची कड आत दुमडून, दुसरा त्यावर अर्धा इंच चढवून, असं. आतली कड उघडीच ठेवायची, पुढच्या फेरीचा तुकडा तिच्यावर येतो.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडं सिद्दी बायका (मूळच्या आफ्रिकेतनं आलेल्या समाजातल्या) त्यांची वाकळ, म्हणजे कवंदी, अशीच कडेनं आत शिवतात, कोपऱ्यावर घड्या घातलेले त्रिकोणी फुलासारखे तुकडे लावतात. एका प्रदर्शनात बघितलेली. मी पण एका कोपऱ्याला तसं लावायला गेले, सात-आठ पदरांतनं सुई जाईना आणि बोटात घुसली. तीन कोपरे साधेच राहिले.

दोरा: मशीनचा दोरा दुहेरी घेतला, हातभर गेला की तुटतोय. भरतकामाच्या सहा लड्या आणल्या ७२ रुपयांच्या, मऊ आहेत पण चार थरांतनं ओढताना त्यांचे पदर सुटून केसाळ होतात. शेवटी गादीवाल्याकडनं जाड सुती दोऱ्याच्या दोन गुंड्या, १४० रुपये. तो मेणबत्तीवरनं एकदा ओढून घ्यायचा, मग गाठी पडत नाहीत. आणि हातभरापेक्षा लांब दोरा ओवायचा नाही, आळशीपणा नडतो.

सुई दाभणासारखी जाड नको, भोकं राहतात. लांब आणि मध्यम जाडीची, म्हणजे एका वेळी चार-पाच टाके सुईवर घेता येतात. अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) २० रुपयांना मिळालं, पहिल्या दिवशीच घ्या, माझ्यासारखं मधलं बोट चाळणी झाल्यावर नको.

१ सप्टेंबर

पहिली फेरी पूर्ण. २६८ इंच, ३ तास.

मग जरा आकडेमोड केली आणि घाबरले. मी ओळींत अर्धा इंच अंतर धरलं होतं, आक्कांच्या वाकळीला असतं तेवढं. ५४ गुणिले ८०, भागिले अर्धा, म्हणजे ८६४० इंच धावदोरा. माझ्या तासाला ९० इंच. शहाण्णव तास! रोज दोन तास बसले तरी दसरा उलटून जाईल, आणि मधे गणपती.

दीड इंचाचं अंतर धरलं तर २८८० इंच, तीस-बत्तीस तास, अठरा फेऱ्या. आक्कांना विचारलं चालेल का. म्हणाल्या, "चालंल, पण धुताना फुगंल. आणि बारक्या चिंध्या लावू नगंस मग, मधी टाकाच येणार न्हाई तिच्यात." बरोबर आहे. दीड इंचाच्या ओळी असतील तर तुकडा निदान तीन इंच रुंद पाहिजे म्हणजे त्यातनं दोन ओळी जातात. त्यामुळे सगळे बारके तुकडे बाद झाले, अस्तराचे तर जवळजवळ सगळेच.

५ सप्टेंबर

चार फेऱ्या. शनिवारी गणपती बसणार, वाकळ गुंडाळून कपाटावर. हॉल पाहिजे ना.

११ सप्टेंबर

गौरी गणपतीत मोठं काम शक्य नाही, पण बसल्या बसल्या हाताला वेणी होते म्हणून टेरिकॉटच्या पट्ट्या फाडून त्यांची वेणी घालत बसले, पायपुसण्यासाठी. तीन पट्ट्यांची वेणी, गोल गुंडाळत हातशिलाईनं जोडत जायची. मांडीवर घेऊन शिवलं, गप्पा मारत. फूटभर झालं तेव्हा खाली ठेवलं तर चारी बाजूंनी वर उचललेलं, चक्क वाडगा. जाऊबाई म्हणाल्या भाकरीची टोपली छान झालीय. तिथून पुढं तिला टोपलीच म्हणतो, कांदे-लसूण ठेवतो तिच्यात.

कारण एवढंच की बाहेरची वेणी ताणून शिवली. बाहेरचा घेर मोठा असतो, त्याला जास्त वेणी लागते, ती सैल सोडत जायचं. आणि मांडीवर नाही, पाटावर सपाट ठेवून शिवायचं. पुढची दोन व्यवस्थित सपाट झाली, एक बाथरूमबाहेर, एक देवघरासमोर.

२० सप्टेंबर, शुक्रवार

अनंत चतुर्दशी झाली, वाकळ परत खाली. सासूबाईंना पितृपक्षाची शंका, पण सुरू आधीच केलेलं आहे, नवीन नाही, यावर त्यांचं समाधान झालं.

आज मोठा घोळ. शिवून झाल्यावर सुया मोजल्या, पाच पाहिजेत, चार निघाल्या. पाचवी कुठंय माहीत नाही आणि वाकळीवर पुतण्या लोळून गेलेला. सगळी दाबून बघितली, झटकली, बॅटरी घेऊन फरशीवर झोपून बघितलं. शेवटी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून वाकळीवर इंच इंच फिरवलं, तर तिसऱ्या फेरीत दोन थरांच्या मधे आडवी. तेव्हापासून नियम: बसताना पाच मोजायच्या, उठताना पाच मोजायच्या, आणि प्रत्येक सुईत लाल दोऱ्याचं शेपूट ठेवूनच खोचायची.

२४ सप्टेंबर

तेरा फेऱ्या. हात बसलाय, तासाला १०० च्या वर इंच जातात. पण मान आणि डावा खांदा पार गेला. फरशीवर बसून वाकून शिवत होते, आता पलंगावर पसरून कडेला खुर्चीत बसते, वाकळ माझ्याकडं ओढून घेते. हे दोन आठवडे आधी सुचायला पाहिजे होतं.

रंगाचं मी काहीच ठरवलं नव्हतं, जो तुकडा हातात येईल तो. पण एका बाजूला सलग सात-आठ निळे लागलेत, मुलगी म्हणते पंचगंगा आलीय. उसवणार नाही.

२७ सप्टेंबर

अठरावी फेरी. मधे हातभर लांब आणि चार बोटं रुंद अशी मोकळी पट्टी उरली आणि आत साडीच्या थरांना फुगवटा आलेला. कच्चे दोरे असूनही थोडं सरकतंच. आक्कांनी तो फुगवटा दोन बारक्या चुण्यांत वाटून दाबला आणि म्हणाल्या यावर जाड तुकडा घाल. जाड म्हणजे खण. आईचा मरून खण बरोब्बर मधे गेला. शेजारी मोतिया रंगाचे दोन तुकडे.

कडेला काठाचा गोट मशीनवर मारला, १८ नंबरची सुई घालून, हळू, हातानं चाक फिरवत. दोन सुया तुटल्या.

२९ सप्टेंबर, रविवार

धुणं. मशीनमध्ये घातली नाही, न्हाणीघरात टबात पायानं तुडवून धुतली. कोरडी २ किलो १०० भरली होती, ओली उचलायला दोघं लागलो.

आणि खणानं रंग सोडलाच. तीनदा धुतला होता तरी. शेजारचे मोतिया तुकडे गुलाबी झाले, एकाला तर ढगासारखा डाग. घाबरून वाळत घालायला निघाले होते, पण वाळला की डाग पक्का बसतो, म्हणून ओली असतानाच परत कोमट साबणाच्या पाण्यात, पाणी बदलून, चार वेळा. बराच गेला. थोडा राहिला. तीन धुण्यांत पाणी फिकट झालं म्हणजे रंग संपला असं नसतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर असा तुकडा गडद रंगांच्या मधे लावा, पांढऱ्याशेजारी नको.

दोरीवर घातली तर दोरी तुटली. मग गॅलरीच्या कठड्यावर आडवी.

२ ऑक्टोबर

वाळली एकदाची, तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला तेव्हा आत पंख्याखाली घेतली, थोडा कुबट वास धरला होता, आज कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवल्यावर गेला. आटून ५२ बाय ७७ झाली, म्हणजे आवळून छान सुरकुत्या आल्या, फुगवटा कुठं होता ते आता मलाही सापडत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

हिशोब लिहिते.

पैसे: भरतकामाच्या लड्या ७२ (वाया), जाड दोरा १४०, सुया ४०, अंगुस्तान २०, कात्रीला धार ६०, मेणबत्ती १०. एकूण ३४२ रुपये.

वेळ: निवडणं-धुणं-इस्त्री ७ तास, चौकोन ९ तास (जवळजवळ सगळे वाया), थर आणि कच्चा दोरा ६, शिलाई ३४. छप्पन्न तास. पायपुसण्यांचा धरला नाही, ते गप्पांमध्ये गेले. कुणी विचारलं की अशी वाकळ विकत करून देशील का, तर माझ्या ब्लाऊजच्या शिलाईच्या दरानं ती कुणाला परवडणार नाही, आणि त्याच्या खाली मी करणार नाही.

चिंध्या कुठं गेल्या: वाकळीत १ किलो २५०, चौकोनांच्या बाजाराच्या पिशवीत ३००, टोपली आणि दोन पायपुसण्यांत ८००. बारके सुती आणि अस्तर मिळून ९०० ग्रॅम एका लोडात भरले. आधी तसेच कोंबले तर गाठीगाठीचा दगड झाला, मग रिकामं करून सगळे दोन बोटांएवढे कापले आणि विस्कटून भरले, आता पाठीला टेकता येतं, उशी म्हणून अजिबात चालणार नाही. अगदी भुगा ३५० फेकला. उरले ७०० ग्रॅम, सगळं चकचकीत. त्याचे बटवे करायचे म्हणतेय, पण आत मांजरपाटाचं अस्तर लावावं लागेल, म्हणजे परत खर्च.

वाकळ सासूबाईंनी घेतली. चार रात्री झाल्या. काल सकाळी म्हणाल्या, "पायाकडचा कोपरा उसवलाय बघ." तोच, जिथं मी सिद्दी बायकांसारखं फूल लावायला गेले होते. तिथं दोरा एकपदरी राहिलाय आणि पदर जास्त. आज दुपारी दुपदरी दोऱ्यानं दोन ओळी घालणार, आणि सुया आधी मोजून घेणार.